यशवंतराव चव्हाण, युद्धकाळातले संरक्षणमंत्री: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री म्हणून यशवंतरावांवर भरपूर लिहिले गेले आहे. सहकार, जिल्हा परिषदा, कोयना, साहित्य संस्कृती मंडळ हे सगळे आपल्याला पाठ असते. दिल्लीतल्या संरक्षण खात्याच्या चार वर्षांची गोष्ट मात्र सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला इथे सुरू होते आणि तिथेच संपते. लोक पुन्हा पुन्हा जे विचारतात त्याची उत्तरे इथे दिली आहेत. भर युद्धकाळावर आहे, बाकीचे आयुष्य लागेल तेवढेच घेतले आहे.

यशवंतराव नेमके कोणत्या युद्धाच्या वेळी संरक्षणमंत्री होते?

१९६५ च्या, पाकिस्तानविरुद्धच्या. १९६२ चे चीनयुद्ध त्यांच्या नावावर घालणे चूक आहे. ते युद्ध सुरू झाले तेव्हा खाते व्ही. के. कृष्ण मेनन यांच्याकडे होते आणि शेवटचे तीन आठवडे ते स्वतः पंडित नेहरूंकडे होते. यशवंतरावांनी शपथ घेतली २१ नोव्हेंबर १९६२ ला, म्हणजे चीनने एकतर्फी शस्त्रसंधी जाहीर केली त्याच दिवशी. नोव्हेंबर १९६६ मध्ये ते गृहमंत्री झाले. १९७१ च्या युद्धात संरक्षणमंत्री जगजीवनराम होते. यशवंतरावांकडे तेव्हा अर्थखाते होते, म्हणजे त्या युद्धाच्या खर्चाची तोंडमिळवणी त्यांच्याकडे आली होती.

त्यांचे बालपण आणि शिक्षण कुठे झाले?

जन्म १२ मार्च १९१३ चा, देवराष्ट्रे या आजोळच्या गावी. गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आता सांगलीत आहे. वडील बळवंतराव कोर्टात बेलिफ होते. ते लवकर गेले आणि आई विठाबाईंनी हलाखीत मुले वाढवली. शाळा कराडची टिळक हायस्कूल. पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातून बी. ए. आणि पुण्यातून एलएल. बी. मध्ये तुरुंगवासाने खंड पडल्यामुळे वकिलीची सनद हातात यायला १९४१ उजाडले.

तुरुंगाचे कारणही सांगायला हवे. २६ जानेवारी १९३२ ला कराडमध्ये तिरंगा फडकवल्याबद्दल त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली होती. येरवडा आणि विसापूरच्या तुरुंगात त्यांचे वाचन झाले, वाद घालणे झाले आणि मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांशी ओळख झाली. एखादा प्रश्न आधी सगळ्या बाजूंनी उलगडून बघायचा आणि मग बोलायचे, ही त्यांची सवय मला तिथलीच वाटते. पुढे काहींनी तिला धिमेपणा म्हटले, काहींनी धूर्तपणा.

‘मी यशवंतराव चव्हाण होणार’ ही गोष्ट खरी आहे का?

मोठेपणी कोण होणार, असे शाळेत विचारल्यावर इतरांनी पुढाऱ्यांची नावे सांगितली आणि या मुलाने स्वतःचे, अशी ती हकिगत. स्वतः यशवंतरावांनी ती सांगितलेली आहे. तिच्याभोवती नंतर भाषणांतून बरेच तिखटमीठ लागले.

ते प्रतिसरकारचे नेते होते का?

बेचाळीसच्या चळवळीचे नेते होते, हे नक्की. प्रतिसरकारचे म्हणताना जरा जपून. ऑगस्ट १९४२ मध्ये ते मुंबईच्या अधिवेशनातून परत आले आणि भूमिगत झाले. सातारा जिल्ह्यात तालुका कचेऱ्यांवर जे मोर्चे निघाले त्यांच्या आखणीत त्यांचा वाटा मोठा होता. मोर्चे निःशस्त्र होते, तरी वडूज आणि इस्लामपूरला गोळीबार झाला, माणसे मेली. क्रांतिसिंह नाना पाटील आणि त्यांच्या साथीदारांचे प्रतिसरकार आकाराला आले ते १९४३ पासून पुढे. त्याच वर्षी यशवंतराव फलटणला पकडले गेले. दोन्ही प्रवाहांतली माणसे एकच होती, गावेही तीच. त्यामुळे सरमिसळ होते.

त्या वर्षभरात घराची वाताहत झाली. वेणूताईंशी लग्न होऊन जेमतेम दोन महिने झाले होते तोच चळवळ पेटली. नवरा सापडेना म्हणून पोलिसांनी नव्या नवरीला धरून नेले. एक भाऊ तुरुंगात गेला, दुसरा आजारात दगावला. वेणूताईंची तब्येत त्या धक्क्यातून पुढे कधी पुरती सावरली नाही.

नेहरूंनी त्यांनाच का बोलावले? दिल्लीत माणसे नव्हती का?

माणसे होती, पण त्यांच्यात गटही होते. मेनन यांच्या काळात खाते दुभंगलेले होते. सरसेनापती थिमय्यांनी १९५९ मध्ये राजीनामा देऊन मागे घेतला होता. कोण अधिकारी मंत्र्याच्या मर्जीतला आणि कोण नाही, यावर बढत्यांची कुजबूज चाले. नेफातली (म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशातली) फळी कोसळल्यावर संसदेत, वर्तमानपत्रांत आणि काँग्रेस पक्षातही मेनन नकोत असा सूर लागला. ३१ ऑक्टोबरला त्यांच्याकडून संरक्षण काढून घेतले गेले आणि आठवडाभरात ते मंत्रिमंडळातूनही गेले.

आता जो यायचा तो दिल्लीच्या कुठल्याच टोळीतला नसावा, त्याला राज्यकारभार येत असावा आणि विरोधकांनाही तो चालावा, अशी ती गरज होती. यशवंतरावांनी १९५६ पासून द्वैभाषिक मुंबई राज्य चालवले होते. ऐन संयुक्त महाराष्ट्राच्या वादळात, स्वतःच्या माणसांच्या शिव्या खात. ३० नोव्हेंबर १९५७ ला प्रतापगडावर शिवपुतळ्याच्या अनावरणाला नेहरू आले, तेव्हा हजारो निदर्शक काळे झेंडे घेऊन वाटेवर उभे होते. तो दिवस रक्तपात न होता पार पडला. एवढ्या रागातही हा माणूस प्रशासन हातचे जाऊ देत नाही, हे नेहरूंनी तेव्हा पाहिले होते.

यातला एक विरोधाभास सहसा कोणी सांगत नाही. फेब्रुवारी १९६२ मध्ये कृष्ण मेनन उत्तर मुंबईतून आचार्य कृपलानींविरुद्ध निवडून आले, ते महाराष्ट्र काँग्रेसच्या यंत्रणेच्या जोरावर. त्या यंत्रणेच्या मुळाशी यशवंतराव होते. नऊ महिन्यांत ते मेनन यांच्याच खुर्चीवर जाऊन बसले.

मुंबई सोडताना त्यांची तयारी होती का?

मनापासून नसावी. राज्य अडीच वर्षांचे होते. जिल्हा परिषदा नुकत्याच १ मे १९६२ ला सुरू झाल्या होत्या. नेहरूंनी फोनवर विचारले आणि कोणाशी बोलू नका म्हणून बजावले, तेव्हा एका व्यक्तीला विचारावेच लागेल, असे यशवंतराव म्हणाले. ती व्यक्ती म्हणजे वेणूताई, अशी हकिगत सांगतात. मारोतराव कन्नमवार मुख्यमंत्री झाले आणि यशवंतराव दिल्लीला गेले. पुढच्या वर्षी नाशिकमधून लोकसभेवर ते बिनविरोध निवडून आले.

निरोपाच्या सभांमध्ये मावळ्यांची, भवानी तलवारीची भाषा ओसंडून वाहत होती. प्रत्यक्षात विमानातून उतरलेल्या माणसापुढे वाढून ठेवलेले काय होते? बोमदिला पडलेले. सरसेनापती थापर राजीनामा देऊन मोकळे. आघाडीवरचे सेनापती कौल यांच्यावर सगळीकडून टीका. आसाममध्ये तेजपूर रिकामे झालेले. आणि दुसऱ्या दिवशी शत्रूच म्हणतो की आम्ही थांबतो. लढाईला निघालेल्या माणसाला पोचल्यावर कळावे की लढाई आटोपली, आता आवराआवर तुझी. खरे काम तिथून सुरू झाले, आणि त्या कामावर पोवाडे होत नाहीत.

खात्यात गेल्यावर त्यांनी आधी काय केले?

बोलण्यापेक्षा ऐकले जास्त. रोज सकाळी तिन्ही दलांचे प्रमुख आणि सचिव यांना एका टेबलाभोवती बसवायची पद्धत त्यांनी पाडली. तिला ठरलेली विषयपत्रिका नाही, इतिवृत्त नाही. जे असेल ते समोरासमोर बोलायचे. ऐकायला साधी वाटते, पण ज्या खात्यात कागद आणि कानगोष्टी यांवरच कारभार चालला होता तिथे ही मोठीच उलथापालथ होती. नौदलाने काय मागितले ते भूदलाला त्याच सकाळी कळू लागले. मंत्री कोणाशी एकट्याने काय बोलला, ही शंका आपोआप कमी झाली.

दुसरी गोष्ट म्हणजे मर्यादा. कुठे किती तुकड्या हलवायच्या हे सेनापतींनी ठरवायचे. लढायचे की नाही, कुठवर जायचे, हे सरकारने. मेनन यांच्या काळात ही रेघ पुसली गेली होती. यशवंतरावांनी ती परत आखली आणि स्वतः पाळली. जनरल जे. एन. चौधरी सरसेनापती झाले. तेजपूरच्या चौथ्या कोअरवर कौल यांच्या जागी सॅम माणेकशा आले.

यात एक धोकाही होता आणि तो पुढे दिसला. सेनापतींच्या कामात हात घालायचा नाही म्हटले की सेनापती चुकला तर मंत्र्याने काय करायचे, याचे उत्तर शिल्लक राहते. त्याकडे खाली येऊच.

हेंडरसन ब्रूक्स अहवाल त्यांनी दडपला का?

अहवाल प्रसिद्ध केला नाही, हे खरे. काहीच सांगितले नाही, हे खोटे. पराभवाच्या लष्करी कारणांची चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेले ब्रिगेडियर प्रेम भगत यांनी केली. २ सप्टेंबर १९६३ ला यशवंतरावांनी तिच्या निष्कर्षांचे निवेदन लोकसभेत केले. डोंगरी युद्धाचे प्रशिक्षण नव्हते, साधनसामग्री अपुरी होती, वरच्या पातळीवर नेतृत्वाचे दोष होते, वरून होणारी ढवळाढवळ नडली, एवढे त्यांनी मान्य केले. मूळ कागद गुप्त ठेवताना सुरक्षेचे आणि सैन्याच्या मनोबलाचे कारण दिले.

त्या वर्षी ते कारण पटण्यासारखे होते. साठ वर्षांनंतरही सरकारने तो अधिकृतपणे खुला केलेला नाही आणि त्याचा जाब यशवंतरावांना विचारण्यात अर्थ नाही. मात्र चौकशीची कक्षा लष्करापुरती आखल्यामुळे राजकीय निर्णय कोणाचे चुकले हा प्रश्न तिच्या बाहेरच राहिला. नेहरूंना वाचवण्यासाठी असे झाले का, याचा ज्याने त्याने विचार करावा. मला तरी वाटते, यशवंतरावांना ती सोय नको होती असे नाही.

सैन्य खरोखर किती वाढले?

१९६४ मध्ये पहिली पंचवार्षिक संरक्षण योजना आली. सव्वाआठ लाखांचे भूदल, ४५ स्क्वाड्रनचे हवाई दल, हिमालयासाठी खास पर्वतीय डिव्हिजन अशी तिची आखणी होती. तोवर संरक्षणाचा खर्च वर्षाला वर्ष जोडून चाले. पाच वर्षांचा एकत्र हिशेब पहिल्यांदा मांडला गेला. आणीबाणी कमिशनवर, म्हणजे युद्धाच्या निकडीपोटी तात्पुरत्या नेमणुकीवर, हजारो तरुण अधिकारी घेतले गेले. चीनयुद्धात जवानांच्या हाती जुनी .३०३ रायफल होती, तिच्या जागी आपल्या आयुध निर्माणीतली ७.६२ येऊ लागली. आवडीला रणगाड्यांचा कारखाना उभा राहिला.

विमानांची कथा जास्त रंगतदार आहे. यशवंतराव मे १९६४ मध्ये अमेरिकेत गेले. तिथे एफ-१०४ विमाने हवी होती, ती मिळाली नाहीत. त्याच दौऱ्यात नेहरू गेल्याची बातमी आली. काही महिन्यांतच ते मॉस्कोत होते आणि मिग-२१ चा मार्ग पक्का झाला. मिगचा सांगाडा नाशिकजवळ ओझरला, इंजिन ओरिसात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक यंत्रणा हैदराबादला, अशी वाटणी झाली. ओझर हे नाव यादीत कसे आले, यावर नाशिककरांचे एकमत आहे, आणि खासदार कोण होता ते वर आलेच आहे.

मात्र १९६५ ची लढाई मिगवर झाली नाही. ती हंटर, मिस्टेअर आणि इवल्याशा नॅट विमानांवर झाली. नव्या योजनेचे फळ तोवर झाडालाच होते.

१ सप्टेंबर १९६५ ला काय घडले?

त्यांच्या कारकिर्दीतला हा सर्वांत महत्त्वाचा दिवस. ऑगस्टमध्ये पाकिस्तानने काश्मीरमध्ये घुसखोर सोडले होते. भारताने २८ ऑगस्टला हाजी पीर खिंड घेतली. १ सप्टेंबरच्या पहाटे पाकिस्तानी पॅटन रणगाडे छांब भागात घुसले. रोख अखनूरच्या पुलाकडे. तो पूल गेला असता तर जम्मूकडून पुढचा सगळा पुरवठा तुटला असता.

दुपारी सरसेनापती चौधरी आणि हवाई दलाचे प्रमुख अर्जनसिंग मंत्र्यांच्या खोलीत आले. मागणी एकच: विमाने वापरायला परवानगी. मागणी लहान नव्हती. १९६२ मध्ये लढाऊ विमाने वापरायची की नाही यावर दिल्लीने घोळ घातला आणि शेवटपर्यंत ती वापरली नाहीत. विमान उडाले की चकमकीचे युद्ध होते, ही भीती त्यामागे होती. या वेळी ती भीती तितकीच खरी होती. यशवंतरावांनी चर्चेचे गुऱ्हाळ घातले नाही. होकार दिला. तासाभरात विमाने निघतील असे अर्जनसिंग यांचे म्हणणे होते, आणि संध्याकाळ व्हायच्या आत पठाणकोटच्या धावपट्टीवरून पहिली विमाने उडालीही.

त्या संध्याकाळी चार व्हॅम्पायर विमाने पडली. जुनी विमाने, मावळतीचा उजेड आणि समोर पाकिस्तानची सेबर लढाऊ विमाने. किंमत जबर होती. पण रणगाड्यांची चाल मंदावली आणि अखनूर वाचले. पाच दिवसांनी, ६ सप्टेंबरला, भारतीय सैन्याने आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडून लाहोरच्या दिशेने आघाडी उघडली. तो निर्णय पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींचा होता आणि संरक्षणमंत्र्यांचा त्याला पूर्ण पाठिंबा होता.

माझ्या मते यशवंतरावांचे युद्धकालीन मोठेपण ६ सप्टेंबरपेक्षा १ सप्टेंबरमध्ये आहे. लाहोरची आघाडी विचार करून ठरली होती. छांबच्या दुपारी विचाराला वेळ नव्हता आणि तीन वर्षे रोज सकाळी एका टेबलाशी बसलेल्या माणसांनी एकमेकांवर भरवसा टाकला.

शास्त्री आणि त्यांचे जमत होते का?

जमत होते. दोघेही गरिबीतून आलेले, दोघेही कमी बोलणारे. शास्त्रींनी बाहेरची बाजू आणि लोकांचे मन सांभाळले, यशवंतरावांनी खाते. जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदला ते शास्त्रींबरोबर होते. १० जानेवारीला करार झाला आणि त्याच रात्री शास्त्री गेले. यशवंतरावांच्या वाट्याला पंतप्रधानाच्या मृत्यूची बातमी दोनदा परदेशात आली.

मग टीका कशावर होते?

तीन गोष्टींवर, आणि तिन्ही बिनबुडाच्या नाहीत.

पहिली ताश्कंदची. जवानांनी रक्त सांडून घेतलेली हाजी पीर खिंड करारात परत गेली. सैन्यातल्या अनेकांना ते आयुष्यभर सलत राहिले.

दुसरी युद्ध थांबवण्याच्या वेळेची. २३ सप्टेंबरच्या पहाटे शस्त्रसंधी झाली. दारूगोळा बराच संपला, असे सरसेनापतींनी सांगितले होते. पुढे हिशेब लागला तेव्हा साठा पुष्कळ उरलेला होता, असा आक्षेप घेतला जातो. आसल उत्तरच्या लढाईपूर्वी चौधरींनी बियास नदीपर्यंत मागे यायचे सुचवले आणि पश्चिम आघाडीचे हरबक्षसिंग यांनी ते मानले नाही, ही हकिगतही प्रसिद्ध आहे. हरबक्षसिंग ठाम राहिले म्हणून खेमकरणजवळ पॅटनची स्मशानभूमी झाली आणि अब्दुल हमीद यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. मंत्र्याने रेघ पाळली तर सेनापतीची चूक कोण सुधारणार, हा वर आलेला प्रश्न तो हाच. १९६५ मध्ये ती चूक हाताखालच्या अधिकाऱ्याने सुधारली. दर वेळी तसा अधिकारी असेलच असे नाही.

तिसरी नौदलाची. पोरबंदरच्या वर जायचे नाही, अशा मर्यादेत नौदलाला बांधून ठेवले गेले. पाकिस्तानी जहाजांनी द्वारकेवर तोफा डागल्या आणि उत्तर देता आले नाही. नौदलाचा तो राग १९७१ मध्ये कराचीवर निघाला.

ते पंतप्रधान का झाले नाहीत?

याचे लांबलचक उत्तर प्रत्येक पारावर मिळते. थोडक्यात, १९६६ मध्ये नाव चर्चेत असून त्यांनी इंदिरा गांधींना साथ दिली. १९६९ मध्ये बंगळूरला काँग्रेसच्या संसदीय मंडळात राष्ट्रपतिपदासाठी संजीव रेड्डींच्या बाजूने मत दिले, आणि पक्ष फुटल्यावर इंदिराजींकडे राहिले. दोन्हीकडचे नाराज झाले. आणीबाणीत परराष्ट्रमंत्री असताना ते गप्प राहिले, आणि ते त्यांच्या चाहत्यांनाही खटकते. संधी सगळ्यांत जवळ आली ती जुलै १९७९ मध्ये. मोरारजींचे सरकार पडल्यावर राष्ट्रपतींनी विरोधी पक्षनेते म्हणून आधी त्यांनाच पाचारण केले. संख्या जमली नाही. चरणसिंग पंतप्रधान झाले आणि यशवंतराव उपपंतप्रधान. हे राष्ट्रपती म्हणजे तेच संजीव रेड्डी, दहा वर्षांपूर्वी ज्यांच्या पारड्यात मत टाकून यशवंतरावांनी इंदिराजींचा रोष ओढवून घेतला होता.

युद्धकाळाबद्दल त्यांनी स्वतः काही लिहून ठेवले आहे का?

‘कृष्णाकाठ’ हे त्यांचे आत्मचरित्र १९४६ पाशी थांबते. पुढचे दोन खंड ठरले होते, ते झाले नाहीत. १ जून १९८३ ला वेणूताई गेल्या आणि त्यांचा लिहिण्याचा धीरच खचला. २५ नोव्हेंबर १९८४ ला दिल्लीत तेही गेले. म्हणून संरक्षण खात्यातल्या वर्षांसाठी त्यांच्या रोजनिशीतल्या नोंदी, परदेश दौऱ्यांतून वेणूताईंना लिहिलेली पत्रे आणि संसदेतली भाषणे यांवर भिस्त ठेवावी लागते. भाषणे आधी वाचा. १९६३ चे ते निवेदन तर नक्कीच.

त्यांच्याशी संबंधित ठिकाणे कुठे पाहता येतात?

समाधी कराडला प्रीतिसंगमावर, कृष्णा आणि कोयना मिळतात तिथे. ‘विरंगुळा’ हे घर आणि वेणूताईंच्या नावाचे स्मारकही कराडलाच. त्यांचा ग्रंथसंग्रह स्मारकात आहे. देवराष्ट्र्याला जन्मघर आहे. युद्धकाळाशी थेट नाते सांगणारी जागा हवी असेल तर साताऱ्याची सैनिक शाळा: देशातली पहिली, जून १९६१ ची, म्हणजे ते संरक्षणमंत्री व्हायच्या जवळपास दीड वर्ष आधीची.